इराक लिबरेशन ॲक्ट: कायद्यातला आकडा आणि हातात पडलेला पैसा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच लक्षात येईल. १९९८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने ‘इराक लिबरेशन ॲक्ट’ मंजूर केला आणि सद्दाम हुसेनच्या विरोधकांसाठी ९ कोटी ७० लाख डॉलरची तरतूद केली, असं तुम्ही वाचलंत. त्यावरून तुम्हाला तीन शंका आहेत. दुसऱ्या देशाचं सरकार घालवण्यासाठी असा उघड कायदा करता येतो का? तो पैसा प्रत्यक्षात गेला कुठे? आणि २००३ चं युद्ध याच कायद्याच्या जोरावर झालं का?

मी वकील नाही. परदेशी सरकारांनी दिलेल्या अनुदानांचे हिशेब तपासणं हे माझं काम. त्यात पंचवीसेक वर्षं गेली आणि त्यातली बरीचशी वर्षं देशाबाहेर राहून राजकारण करणाऱ्या संघटनांची दप्तरं चाळण्यात गेली. इराकच्या या निधीचं ऑडिट मी केलेलं नाही, त्याबद्दल जे सांगतो ते प्रसिद्ध झालेल्या कागदांवरून. पण असा पैसा कुठून निघतो, कुठे अडतो आणि कुणाच्या अंगावर येतो, हे मी जवळून पाहिलंय. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पैशाची वाट कळली की बाकीचे दोन प्रश्न सोपे होतात.

बातम्यांमध्ये ‘विरोधकांना ९ कोटी ७० लाख डॉलर दिले’ असं सर्रास येतं. कायद्यात तसं नाही. कायद्याचं चौथं कलम उघडा. त्यात राष्ट्राध्यक्षांना एक अधिकार दिलाय: संरक्षण खात्याच्या कोठारात आधीपासून असलेलं सामान, त्या खात्याच्या सेवा आणि लष्करी प्रशिक्षण विरोधी संघटनांना काढून द्यावं. याला तिथे ‘ड्रॉडाउन’ म्हणतात. ९ कोटी ७० लाख ही त्या सगळ्याची मिळून कमाल किंमत, याच्या वर जायचं नाही एवढंच. खाली कितीवर थांबायचं याला बंधन नाही. शून्यावर थांबले असते तरी कायदा मोडला नसता. रोख अनुदानासाठी त्याच कलमात वेगळी ओळ आहे: इराककडे रेडिओ आणि टीव्ही प्रसारण करण्यासाठी २० लाख डॉलर. आणि तेही ‘देता येतील’ अशा भाषेत. मंजुरी एका कायद्यात आणि प्रत्यक्ष पैसा सोडणारं विनियोजन दुसऱ्या कायद्यात, अशी तिथली पद्धत आहे.

माझ्या हाताखाली नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो, की कागदातला आकडा शेवटी वाचा, आधी क्रियापद वाचा. ‘देईल’, ‘देऊ शकेल’, ‘द्यावं असं या सभागृहाचं मत आहे’ या तीन वाक्यांत जमीनअस्मानाचं अंतर असतं. या कायद्यात तिन्ही प्रकार आहेत. सद्दामची राजवट हटवण्याच्या प्रयत्नांना पाठिंबा देणं हे अमेरिकेचं धोरण ‘असावं’, असं तिसऱ्या कलमात म्हटलंय. मदतीचा अधिकार ‘देऊ शकेल’ या प्रकारातला. आणि राष्ट्राध्यक्षांवर खरी सक्ती कशाची, तर ९० दिवसांत पात्र विरोधी संघटनांची नावं जाहीर करण्याची आणि प्रत्येक वेळी मदत देण्याआधी १५ दिवस काँग्रेसच्या समित्यांना कळवण्याची.

पात्रतेच्या अटींमधलं एक वाक्य मुद्दाम दाखवतो, कारण असा कायदा कसा घडवला जातो ते त्यात दिसतं. सद्दामच्या राजवटीशी लष्करी सहकार्य करणाऱ्या गटाला मदत मिळणार नाही, अशी अट आहे. रास्तच आहे. पण तिला एक शेपूट जोडलंय: मदत देण्याच्या वेळी जो गट असं सहकार्य करत असेल, त्याला. ‘त्या वेळी’ हा शब्द तिथे का आला असेल? १९९६ च्या ऑगस्टमध्ये कुर्दांच्या दोन पक्षांची आपसात लढाई चालू असताना कुर्दिस्तान डेमोक्रॅटिक पार्टीने खुद्द सद्दामच्या फौजेची मदत घेतली होती आणि इराकी रणगाडे उत्तर इराकमधल्या एर्बिल शहरात शिरले होते. ‘कधीही सहकार्य केलेला गट’ असं लिहिलं असतं तर उत्तर इराकमधली एक मोठी सशस्त्र संघटना यादीतून बाद झाली असती. ते शब्द मुद्दाम त्यासाठीच घातले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्यांचा परिणाम मात्र तोच झाला. ४ फेब्रुवारी १९९९ ला सात संघटनांची यादी जाहीर झाली आणि तीत तो पक्ष होता.

यादीत आणखी कोण होतं? देशाबाहेर राहून सद्दामला विरोध करणारे नेते अहमद चलबी यांची इराकी नॅशनल काँग्रेस, इराकी नॅशनल ॲकॉर्ड, दुसरा मोठा कुर्दी पक्ष म्हणजे पॅट्रिऑटिक युनियन ऑफ कुर्दिस्तान, कुर्दिस्तानातली एक इस्लामी चळवळ, राजेशाही परत आणू पाहणारा एक गट आणि इराणच्या आश्रयाने वाढलेली शिया संघटना, सुप्रीम कौन्सिल. या शेवटच्या संघटनेने अमेरिकेची मदत घ्यायला नकार दिला. यादीत नाव आलं म्हणजे पैसा घेतला असं धरून चालू नका. माझ्या कामात असे नकार मी पाहिलेत आणि त्यामागे बहुतेक वेळा अभिमानापेक्षा हिशेबी विचार असतो: हा पैसा घेतला तर आपल्याच माणसांत आपण उभे राहू शकू का?

आता खर्चाकडे या. क्लिंटन सरकारने कायद्यावर ३१ ऑक्टोबर १९९८ ला सही केली, पण हात आखडताच ठेवला. पहिला टप्पा ५० लाख डॉलरच्या आसपासचा होता आणि त्यात शस्त्रं नव्हती, प्रशिक्षण आणि तत्सम गोष्टी होत्या. मध्यपूर्वेतल्या अमेरिकी सैन्याचे तेव्हाचे प्रमुख जनरल अँथनी झिनी यांनी जाहीरपणे सांगितलं होतं, की सद्दामला घालवू शकेल असा एकही विरोधी गट त्यांना दिसत नाही. ज्याच्या कोठारातून सामान काढायचं त्या खात्याचाच माणूस असं बोलत असेल तर कागद पुढे कसा सरकणार? उरलेली ९ कोटी २० लाखांची मर्यादा वापरायचा आदेश निघाला तो थेट डिसेंबर २००२ मध्ये, बुश सरकारच्या काळात, युद्ध तोंडावर आल्यावर. हंगेरीत तसार इथल्या तळावर हजारो इराकींना प्रशिक्षण द्यायची योजना होती. प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडलेले शंभरही नव्हते.

मग चलबींच्या संघटनेला मिळालेल्या ज्या पैशावरून एवढं वादळ झालं, तो पैसा कुठला? इथेच बहुतेकांची गफलत होते. तो या ९ कोटी ७० लाखांतला नव्हता. परराष्ट्र खात्याकडे ‘इकॉनॉमिक सपोर्ट फंड’ नावाचा वेगळा निधी असतो, त्यातून तो गेला. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००४ मध्ये याचा अहवाल दिला: मार्च २००० ते सप्टेंबर २००३ या काळात परराष्ट्र खात्याने इराकी नॅशनल काँग्रेसच्या संस्थेला जवळपास ३ कोटी ३० लाख डॉलर दिले. त्यातून कार्यालयं चालली, ‘लिबर्टी टीव्ही’ नावाची वाहिनी चालली आणि माहिती गोळा करण्याचा एक कार्यक्रम चालला. हा शेवटचा कार्यक्रम पुढे परराष्ट्र खात्याने सोडला आणि संरक्षण खात्याच्या गुप्तचर संस्थेने घेतला. त्यातून आलेल्या काही माणसांनी सद्दामकडच्या शस्त्रांबद्दल दिलेली माहिती खोटी निघाली, हे तुम्ही वाचलंच असेल.

त्या तीन वर्षांत परराष्ट्र खातं आणि ही संघटना यांच्यात सतत खटके उडाले. मुख्य वाद दोन: इराकच्या आत काम करायला पैसा द्यायचा की नाही आणि हिशेब कसा ठेवायचा. पैसे थोड्या-थोड्या मुदतीचे मिळायचे, मध्येच खंड पडायचा. वाहिनी बंद पडण्यामागेही तेच होतं.

हिशेबाचा वाद बाहेरून ऐकला की ‘यांनी पैसे खाल्ले’ एवढंच ऐकू येतं. काही ठिकाणी तसं असतंही. पण दुसरी बाजू मी डोळ्यांनी पाहिली आहे म्हणून सांगतो. एका निर्वासित संघटनेच्या दप्तरात (देश आणि संघटना सांगणार नाही) मला रोख खर्चाचं एक रजिस्टर मिळालं. निम्म्या नोंदींपुढे घेणाऱ्याच्या सहीच्या जागी फक्त आकडा होता. सात, सात, अकरा, चार, परत सात. मी खजिनदाराला म्हटलं, पावती नाही तर हा खर्च मी अमान्य करणार. साठीच्या पुढचा माणूस. त्याने रजिस्टर माझ्याकडे वळवलं आणि अकरा या आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, “याची सही होती. ती सही असलेला कागद सीमेवर सापडला. त्यानंतरच्या पानांवर अकरा तुम्हाला दिसणार नाही.” मी पानं उलटून पाहिली. अकरा पुन्हा कुठेच नव्हता.

तो खर्च मी लगेच मान्य केला नाही, करता आलाच नसता. पण त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. नावांची यादी एकाच माणसाकडे, तीही तिसऱ्या देशात. रकमेची पोच दोन स्वतंत्र साक्षीदारांकडून. आणि खर्चाऐवजी कामाचा पुरावा तपासायचा: पत्रक छापलं गेलं का, वाटलं गेलं का, बातमी बाहेर आली का. तरी फट राहतेच. जिथे नाव लिहिलं तर माणूस जातो आणि नाही लिहिलं तर पैसा जातो, तिथे सरकारी ऑडिटचे नेहमीचे नियम पुरे पडत नाहीत. असा कायदा करणाऱ्यांनी हे आधीच मान्य करायला हवं. बहुतेक कायद्यांत याबद्दल एक ओळसुद्धा नसते, याची मला आजही चीड येते.

आता तुमचा पहिला प्रश्न, असं करता येतं का. अमेरिकेच्या अंतर्गत कायद्याने येतं. काँग्रेसने मंजूर केलं, राष्ट्राध्यक्षांनी सही केली, विषय संपला. प्रतिनिधिगृहात ३६० विरुद्ध ३८ मतं पडली होती. आंतरराष्ट्रीय कायद्याचं उत्तर मात्र मदत कसली यावर अवलंबून आहे. इथे एकच निकाल नीट वाचलात तरी पुरे: निकाराग्वा विरुद्ध अमेरिका, आंतरराष्ट्रीय न्यायालय, २७ जून १९८६. निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या ‘कॉन्ट्रा’ बंडखोरांना अमेरिकेने शस्त्रं, प्रशिक्षण आणि पैसा दिला होता. न्यायालयाने त्यात बारीक फरक केला. बंडखोरांना शस्त्रं देणं आणि प्रशिक्षण देणं हा बळाचा वापर किंवा बळाची धमकी ठरू शकते. नुसता पैसा पुरवणं म्हणजे बळाचा वापर नव्हे. पण तीही दुसऱ्या देशाच्या अंतर्गत कारभारातली ढवळाढवळ आहे, म्हणून तीही बेकायदाच.

याचा अर्थ असा, की ‘आम्ही फक्त पैसे दिले, बंदुका नाही’ हा बचाव गुन्ह्याची प्रत बदलतो, माणसाला निर्दोष सोडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये मंजूर केलेल्या मैत्रीपूर्ण संबंधांच्या जाहीरनाम्यातही हेच आहे: दुसऱ्या देशाची राजवट हिंसेने उलथवण्याच्या कारवायांना कुणी अर्थसाहाय्य करू नये. मात्र रेडिओ प्रसारण, शिष्यवृत्त्या, कैद्यांच्या कुटुंबांना मदत, छापखान्याची यंत्रं या गोष्टी कुठे मोडतात, यावर जाणकारांत आजही एकमत नाही. माझं मत विचाराल तर कसोटी उद्देशाच्या वाक्यात आहे. हीच मदत ‘माहितीच्या स्वातंत्र्यासाठी’ म्हणून दिली तर वाद घालायला जागा राहते. ‘राजवट हटवण्यासाठी’ असं कायद्यातच लिहून दिली तर ती जागा स्वतःच बुजवून टाकली जाते. इराकच्या कायद्याने ती बुजवली.

त्या निकालाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. २५ जूनला अमेरिकी प्रतिनिधिगृहाने कॉन्ट्रांसाठी १० कोटी डॉलर मंजूर केले आणि दोनच दिवसांनी हा निकाल आला. अमेरिका खटल्यातून आधीच बाहेर पडली होती, त्यामुळे निकालाने मदत थांबली नाही. त्याआधी ती थांबली होती ती अमेरिकेच्याच कायद्याने. काँग्रेसने ‘बोलंड दुरुस्ती’ करून कॉन्ट्रांना पैसा द्यायला बंदी घातली होती आणि ती बंदी चुकवायला सरकारमधल्या लोकांनी इराणला शस्त्रं विकून पैसा वळवला. म्हणून उघड कायदा होणं हे मला त्यातल्या त्यात बरं वाटतं. निदान आकडा, यादी आणि अहवाल कुणालाही मागता येतात. छुप्या निधीत माझ्यासारख्याला दारातही उभं करत नाहीत.

तिसरा प्रश्न युद्धाचा. नाही, २००३ चं युद्ध या कायद्याने अधिकृत केलं नव्हतं. आठवं कलम स्पष्ट म्हणतं, की कलम चारमध्ये सांगितलेली सामानाची आणि प्रशिक्षणाची मदत सोडली, तर या कायद्यातून अमेरिकी सैन्य वापरण्याचा अधिकार मिळतो असा अर्थ कुणी काढू नये. युद्धाचा अधिकार ऑक्टोबर २००२ च्या वेगळ्या ठरावाने दिला. पण त्या ठरावाची उद्देशिका वाचा. तिथे कारणांच्या यादीत १९९८ च्या कायद्याचा उल्लेख करून म्हटलंय, की सद्दामची राजवट हटवण्याला पाठिंबा हे अमेरिकेचं धोरण असावं असं मत काँग्रेसने आधीच व्यक्त केलंय. ज्या कायद्याचा पैसा जवळजवळ पडून राहिला, त्याचं उद्देशाचं एक वाक्य चार वर्षांनी युद्धाच्या कागदात जाऊन बसलं. म्हणून तुमच्या वाचनात तीन ठिकाणी तीन उत्तरं आली. कुणी आठवं कलम पाहिलं, कुणी उद्देशिका, कुणी नुसता आकडा.

इथवर इराक. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘अशा कायद्यांचा कधी उपयोग होतो का?’ याचं एक उत्तर नाही. घेणारा कोण आहे आणि कुठे आहे यावर ते ठरतं.

पोलंडमधल्या ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेला ऐंशीच्या दशकात अमेरिकी कामगार संघटनांमार्फत आणि नॅशनल एंडाउमेंट फॉर डेमोक्रसीमार्फत मदत गेली. तिचा उपयोग झाला, असं माझं मत आहे. पण ती संघटना आधी देशात उभी होती, लाखो सभासद होते, कारखान्यांत मुळं होती. बाहेरच्या पैशाने तिला कागद, शाई, छपाईची साधनं मिळाली. संघटना त्या पैशाने जन्माला आली नाही. चलबींची संघटना १९९२ मध्ये व्हिएन्नातल्या बैठकीत उभी राहिली, सुरुवातीपासून अमेरिकी पैशावर. देशात तिचं बळ किती, हे मोजायचं कुणाकडेच साधन नव्हतं.

क्यूबाचं उदाहरण मला सगळ्यात जास्त त्रास देतं. अमेरिकेच्या १९९६ च्या हेल्म्स-बर्टन कायद्यात क्यूबातल्या लोकशाहीवादी गटांना मदत करण्याची तरतूद आहे. १९९९ मध्ये क्यूबाने उलट कायदा केला, ‘कायदा क्रमांक ८८’, आणि अमेरिकेच्या या धोरणाला हातभार लावणं गुन्हा ठरवलं. मार्च २००३ मध्ये ७५ कार्यकर्ते, पत्रकार, ग्रंथपाल पकडले गेले. काहींना २८ वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या. त्यांना पकडणं मुळात अन्यायच होता, यात मला शंका नाही. पण वॉशिंग्टनमध्ये छापलेल्या कायद्याने त्यांच्या सरकारी वकिलाचं काम सोपं करून ठेवलं होतं, हेही तितकंच खरं. २००६ मध्ये इराणसाठी असाच कायदा आला तेव्हा इराणमधल्या मानवाधिकार वकील शिरीन एबादींसारख्या, आयुष्यभर त्या राजवटीशी लढलेल्या माणसांनी जाहीरपणे सांगितलं की आम्हाला हा पैसा नको. आकडा जाहीर झाला की एक रुपया न घेतलेल्या माणसावरही घेतल्याचा शिक्का बसतो.

त्यामुळे अशा संघटनेची माणसं माझ्याकडे सल्ल्याला आली की रकमेचं बोलण्याआधी मी एक प्रश्न विचारतो: तुमचे जे लोक आत आहेत, त्यांना विचारलंत का? बाहेर बसलेल्या नेत्याने होकार द्यायचा आणि आतल्या माणसाने तुरुंगात जायचं, अशी वाटणी असेल तर मी त्यांना अर्ज भरू नका असं सांगत आलोय. दोनदा त्यांनी माझं ऐकलं.

तुम्ही अभ्यासाची टिपणं काढताय, तर १९९८ च्या कायद्याची कलमं ३, ४, ५ आणि ८ एका कागदावर उतरवा, शेजारी २००२ च्या ठरावाची उद्देशिका ठेवा आणि निकाराग्वा निकालातला पैसा आणि शस्त्रं यांत फरक करणारा भाग त्याखाली लिहा. मूळ कायदा जेमतेम चार-पाच पानांचा आहे, त्यावरच्या लेखांआधी तोच वाचा. ड्रॉडाउन आणि विनियोजन यांत कुठे अडलात तर तेवढा परिच्छेद उतरवून मला विचारा, मी ओळीओळीने समजावून सांगेन.